वर्षाला 14 पौंड, पहाटे चारला उठणं आणि एकही सुट्टी नाही : वेस्लीच्या किंग्जवूड शाळेचं परीक्षण

निवासी शाळेचं माहितीपत्रक हातात आलं की पालक आधी तीन गोष्टी बघतात: फी, जेवण आणि वेळापत्रक. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवूड इथे 24 जून 1748 रोजी मुलांची निवासी शाळा उघडली आणि लवकरच तिची माहिती छापून काढली. फी किती, कुठल्या वारी ताटात काय, मुलं झोपणार कशी, किती वाजता काय, सगळं त्यात लिहिलेलं आहे. इतकं बारकाईने लिहिलेलं आणि पुढे पस्तीस वर्षांनी लिहिणाऱ्यानेच शाळा तपासून नापास ठरवलेलं माहितीपत्रक क्वचितच सापडेल. एखादा मुलगा तिथे पूर्ण वर्ष राहिला तर त्या 14 पौंडांत त्याला काय मिळत होतं आणि काय मिळत नव्हतं, हे इथे तपासलं आहे. आपल्याकडेही पहाटेपासून रात्रीपर्यंत मिनिटामिनिटाचं नियोजन हाच निवासी शाळेचा मोठेपणा मानला जातो. त्यामुळे हा जुना हिशेब आजही मांडण्यासारखा आहे.

जागा

जागेची निवड उत्तम. ब्रिस्टल साधारण तीन मैलांवर, म्हणजे बाजार जवळ, पण हमरस्त्याची वर्दळ लांब. पश्चिमेकडे उतरणारी लहानशी टेकडी, पूर्वेच्या आणि उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा, मोठ्या बागेपुरती जमीन. घर बांधलं ते पन्नास मुलं, शिक्षक आणि नोकरमाणसं मावतील एवढं. त्यात वेस्लीने स्वतःसाठी एक खोली आणि एक छोटी अभ्यासिका राखली.

शेजाराचा विचार मात्र कमी पडला. किंग्जवूड हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. 1739 मध्ये वेस्लीचा सहकारी प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड आणि त्याच्या पाठोपाठ वेस्ली यांनी उघड्या माळावर प्रवचनं दिली ती इथल्याच खाणकामगारांपुढे. त्यांच्या मुलांसाठी एक शाळाही तिथे आधीच निघाली होती. निवासी शाळा त्याहून वेगळी. भोवती रान, आणि त्या रानात मोकळी हिंडणारी खाणकामगारांची पोरं. आत खेळ बंद आणि बाहेर खेळ चालू, अशा जागी मुलं राखायला माणूसबळ लागतं. ते किती लागेल हे माहितीपत्रकात कुठेच मोजलेलं नाही, आणि शाळेची खरी अडचण तिथूनच सुरू होते.

प्रवेश आणि फी

प्रवेशाचं वय सहा ते बारा. बारा पूर्ण झालेला मुलगा घ्यायचा नाही, कारण तोवर त्याच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात आणि त्या लहानांना लागतात. या नियमामागे अनुभव होता. वेस्ली स्वतः लंडनच्या चार्टरहाउस शाळेत वाढला. तिथे मोठी मुलं लहानांच्या ताटातलं मांस काढून घेत आणि दहा ते चौदा या वयात आपण जवळजवळ पावावरच जगलो, तोही पोटभर नाही, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. ज्याने वसतिगृहात भूक काढली आहे त्याने आखलेली ही शाळा आहे, हे जेवणाच्या पानावर लगेच दिसतं.

फी वर्षाला 14 पौंड. त्यात राहणं, जेवण, शिकवणं, शिवाय पुस्तकं, लेखण्या, शाई आणि कागद. मागाहून निघणारा वरखर्च नाही, आणि पालकांच्या बाजूने बघितलं तर हा स्वच्छ व्यवहार आहे. संस्थेच्या बाजूने मात्र तो फार ताणलेला आहे. पन्नासच्या पन्नास जागा भरल्या तरी वर्षाचे 700 पौंड होतात, आणि त्यातच घर, बाग, स्वयंपाक, मोलकरणी आणि अनेक भाषा शिकवू शकणारे शिक्षक सांभाळायचे. मुलं कमी झाली तरी शिक्षक, कारभारीण आणि चुलीचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. पहिल्या काही वर्षांतच मुलं घटली, शिक्षकही गळाले. या कामावर आपला जेवढा पैसा, वेळ आणि जीव खर्च झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर झाला असेल, असं वेस्लीने 1753 मध्ये रोजनिशीत लिहिलं. शाळा बंद करावी असं मात्र त्याला वाटलं नाही.

प्रवेशाच्या वेळी पालकांना एक अट कबूल करावी लागे आणि ती सगळ्यांत कठीण होती. मुलगा एकदा आत आला की कायमचा काढून नेईपर्यंत एक दिवससुद्धा घरी न्यायचा नाही. सण नाही, घरचं लग्न नाही, नाताळ नाही. रविवार सोडून वर्षाचा प्रत्येक दिवस शाळेचा.

दिवस, आणि तोच दिवस बारा महिने

वेळापत्रक असं. उन्हाळा असो की हिवाळा, पहाटे चारला उठणं. पाचपर्यंत एकट्याने वाचन, गायन, चिंतन, प्रार्थना. पाचला सगळ्यांची मिळून उपासना. सहाला नाश्ता. सातला वर्ग: नऊपर्यंत भाषा, मग अकरापर्यंत लेखन आणि बाकीचे विषय. अकरा ते बारा चालणं किंवा काम. बाराला जेवण, मग एकपर्यंत चालणं किंवा गाणं. एक ते चार पुन्हा भाषा, पाचपर्यंत लेखन वगैरे. पाच ते सहा खासगी प्रार्थना. सहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत चालणं किंवा काम. सातच्या जरा आधी उपासना. आठला झोप, सगळ्यांत लहान मुलं आधी. काम म्हणजे उघडीप असेल तेव्हा बागेत, पाऊस असेल तेव्हा घरात. काही मुलं संगीत शिकत. मोठ्यांना विज्ञानाचे प्रयोग.

झोपेचे आठ तास ठरलेले आहेत ही जमेची बाजू. सहा-सात वर्षांच्या मुलाला आठ तास कमीच, पण तेवढे तरी हक्काचे होते.

हे वेळापत्रक जूनमध्ये शोभतं. ब्रिस्टल उत्तरेला जवळजवळ साडेएक्कावन्न अंशांवर आहे. ऐन उन्हाळ्यात तिथे सूर्य तिथल्या घड्याळाने चारच्या आधीच उगवतो आणि आठनंतर मावळतो. म्हणजे उठणं उजेडात, झोपणं उजेडात, आणि सहानंतरचा बागकामाचा तास दिवसातला सगळ्यांत चांगला तास. डिसेंबरमध्ये हेच वेळापत्रक कसं लागू होतं ते बघा. सूर्य उगवतो आठच्या सुमाराला आणि मावळतो चारच्या सुमाराला. चिंतन, उपासना, नाश्ता आणि भाषेचा पहिला तास, हे सगळं काळोखात. दुपारचा लेखनाचा तास, प्रार्थना, चालणं, जेवण, उपासना हेही काळोखात. जागेपणीच्या सोळा तासांपैकी आठ तास दिव्याच्या उजेडात काढायचे. संध्याकाळी सहाचा 'चालणं किंवा काम' हा तास नोव्हेंबर ते जानेवारी बाहेर घालवता येणं शक्यच नव्हतं. म्हणजे दिवसभर बसलेली मुलं थंड घरात, मिणमिणत्या उजेडात, नेमकं काहीच नसलेल्या तासात अडकणार. महाराष्ट्रात सूर्योदय वर्षभरात साधारण तासा-सव्वातासानेच मागेपुढे होतो, म्हणून एकच वेळापत्रक बारा महिने चालवल्याची किंमत आपल्या लक्षात येत नाही. तिथे ती चार तासांची आहे. ऋतूप्रमाणे दोन वेळापत्रकं हवी होती, पण पहाटे चार ही वेळ वेस्लीसाठी तत्त्वाचा भाग होती. तो स्वतः आयुष्यभर चारला उठला आणि त्याला ते मानवलं. पन्नाशीच्या घट्ट देहाला जे मानवतं ते आठ वर्षांच्या मुलाला जानेवारीत मानवेलच, असं नाही.

खाट आणि खोली

हा भाग मनापासून आवडला. आजारी मुलं सोडून सगळ्यांची झोपायची एकच मोठी खोली, तिच्यात रात्रभर दिवा, दोन्ही टोकांना एकेक शिक्षक झोपलेला, आणि प्रत्येक मुलाची खाट वेगळी. एका बिछान्यावर दोन-दोन मुलं कोंबणं त्या काळात सर्रास चालायचं. रात्री दिवा आणि दोन मोठी माणसं एवढ्या व्यवस्थेने वसतिगृहातले निम्मे अत्याचार थांबतात, हे वसतिगृह चालवणारा कुणीही सांगेल. पिसांच्या मऊ गाद्या नाहीत, साध्या भरावाच्या गाद्या. त्यामागे मुलं लाडावू नयेत हा हेतू होता, पण आरोग्यालाही त्या बऱ्या. आजाऱ्यांना वेगळं ठेवायचं हेही इथेच लिहून ठेवलेलं आहे, आणि ते महत्त्वाचं.

ताट

नाश्त्याला एक दिवस दुधातली पेज, एक दिवस पाण्यातली. रात्री पाव-लोणी किंवा चीज, आणि दूध, आलटून पालटून. दुपारचं जेवण वाराप्रमाणे: रविवारी भाजलेलं गोमांस, थंड; सोमवारी चिरून शिजवलेलं मांस आणि सफरचंद भरलेले उकडलेले गोळे; मंगळवारी आणि गुरुवारी उकडलेलं मटण; बुधवारी आणि शुक्रवारी भाज्या आणि कणकेचे गोळे; शनिवारी खारवलेलं डुकराचं मांस, पालेभाजी आणि पुन्हा सफरचंदाचे गोळे. जेवताना प्यायला पाणी. मधल्या वेळेला काहीही नाही.

यादी नीट वाचली की ती स्वयंपाकघर समजणाऱ्या माणसाने केली आहे हे कळतं. रविवारी मांस थंड, म्हणजे उपासनेच्या दिवशी चूल कमी. सोमवारी तेच उरलेलं चिरून कामाला येतं. आठवड्यातले पाच दिवस मांस, दोन दिवस भाज्या, शनिवारी हिरवा पाला. प्रत्येक वाराचं ताट ठरलेलं असलं की मुलाला आपल्याला काय मिळायला हवं ते माहीत असतं आणि कारभारणीला हात आखडता येत नाही. 14 पौंडांत हे जेवण चांगलंच म्हणायला हवं.

खोट आहे ती दोन जेवणांमधल्या अंतरांत. संध्याकाळी साडेसहाच्या आसपास जेवलेल्या मुलाला पुढचा घास सकाळी सहाला, म्हणजे साडेअकरा तासांनी, आणि तोही दिवसाआड पाण्यातल्या पेजेचा. त्या आधी दोन तास जागं राहून प्रार्थना झालेली. मग बारापर्यंत सहा तास, पुढे पुन्हा साडेसहा तास. वाढत्या वयाच्या, बागेत कुदळ मारणाऱ्या मुलाला सकाळी दहाला आणि दुपारी चारला पावाचा तुकडा मिळाला असता तर खर्च फार वाढला नसता. शुक्रवारी इच्छा असेल त्याने दुपारी तीनपर्यंत उपवास करावा असं आहे. गुरुवारच्या रात्रीपासून मोजलं तर हे वीस तासांहून जास्त होतात. इच्छेवर सोडलंय हे खरं, पण शिक्षक आणि चांगली म्हणवणारी मोठी मुलं उपवास करत असताना नऊ वर्षांचा मुलगा एकटा पेज खायला बसत नाही. लहानांना स्पष्ट मनाई हवी होती.

शिकवणं

अभ्यासक्रम आठ इयत्तांचा आणि विषयांची यादी छाती दडपणारी: वाचन, लेखन, गणित, इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन, ग्रीक, हिब्रू, इतिहास, भूगोल, कालगणना, वक्तृत्व, तर्क, नीती, भूमिती, बीजगणित, विज्ञान, संगीत. बाजारातली पुस्तकं वेस्लीला पटत नव्हती, म्हणून त्याने इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या पाचही भाषांची छोटी व्याकरणं स्वतः लिहिली. छोटी हे महत्त्वाचं. नियम कमी, उदाहरणं मोजकी, आणि लगेच वाचनाला सुरुवात. शाळेसाठी पाठ्यपुस्तकं स्वतः बांधून देणारा संस्थाचालक दुर्मिळ, आणि या बाबतीत त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. शाळेतच पुढचं उच्च शिक्षण देण्याची योजनाही नंतर आली. 1768 मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट एडमंड हॉलमधून सहा विद्यार्थ्यांना मेथडिस्ट असल्याबद्दल काढून टाकलं, त्या सुमाराची ही गोष्ट.

आता तास मोजू. रोज आठ तास वर्ग, आठवड्याचे सहा दिवस, बावन्न आठवडे, सुट्टी नाही: वर्षाला जवळजवळ 2,500 तास. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 800 आणि सहावी ते आठवीसाठी 1,000 तास ठरवले आहेत. किंग्जवूडच्या मुलाला अडीच ते तीन पट शिकवलं जात होतं. आणि 1783 मध्ये वेस्ली स्वतः म्हणतो की ही मुलं दुसऱ्या शाळांतल्या मुलांपेक्षा विद्येत पुढे जात नाहीत, त्यांच्याएवढीही जात नाहीत.

हे वाक्य प्रत्येक निवासी शाळेच्या कार्यालयात लावावं असं आहे. तास वाढवले म्हणून शिकणं वाढत नाही, कारण दिवसाचा पाचवा आणि आठवा तास एकसारखा नसतो. चार तास भाषेनंतर मुलाची स्मृती भरलेली असते. तिला रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजे खेळ, भटकणं, झोप, घर. त्यातल्या तीन गोष्टी इथे बंद होत्या.

खेळ नाही

शाळेला खेळाचे दिवस नाहीत, तसा कुठल्याही दिवशी खेळाला वेळही नाही. लहानपणी जो खेळतो तो मोठेपणीही खेळतच राहतो, असं वेस्लीचं कारण. हालचालीसाठी बागकाम आणि चालणं आहे, त्यामुळे शरीराचा विचार केलाच नव्हता असं नाही. पण काम आणि खेळ यांतला फरक त्याने ओळखला नाही. बागेत काय करायचं ते शिक्षक ठरवतो. खेळात मुलं नियम स्वतः ठरवतात, भांडतात, मिटवतात, पुन्हा सुरू करतात. सोळा तासांत मुलाने स्वतः ठरवलेलं एक मिनिट नाही, अशी रचना वर्षभर चालवली की ते मिनिट मुलं चोरतात.

मुलांनी चोरलंही. 1783 च्या मेथडिस्ट परिषदेच्या कार्यवृत्तात वेस्लीचा हिशेब नोंदलेला आहे. मुलांनी कधीच खेळायचं नाही असं ठरलेलं. ती रोज खेळतात, वर्गातसुद्धा. मुलं कधी एकटी असू नयेत, सतत शिक्षक समोर हवा. हा नियम पूर्ण सुटलेला, म्हणून मुलं रानात वरखाली धावतात, खाणकामगारांच्या मुलांत मिसळतात, त्यांच्याशी मारामाऱ्या करतात. तीन मोलकरणी पुरेत, आहेत चार. शेवटी निर्णय: सुधारा नाहीतर बंद करा, आहे या शाळेपेक्षा शाळा नसलेली बरी.

संस्थापकाने स्वतःच्या संस्थेबद्दल इतकं निखळ लिहिलं, याबद्दल त्याचा आदर वाटतो. दोष मात्र त्याने शिथिलतेला दिला आणि उपाय म्हणून मूळ योजनेकडे परत जायला सांगितलं. आमच्या मते बिघाड मूळ योजनेतच होता.

माणसं किती लागली असती

'मुलं कधीच एकटी नसावीत' हा नियम कागदावर एका ओळीत बसतो. प्रत्यक्षात बघा. पन्नास मुलांसाठी एका वेळी किमान दोन मोठी माणसं धरली, रात्रीही दोन, आणि एका माणसाची पाळी आठ तासांची, तर रोज सहा पाळ्या होतात. आठवड्यातून एक दिवस प्रत्येकाला मोकळा दिला तर सात माणसं लागतात, तीही फक्त राखणीला. आठ इयत्ता वेगवेगळ्या शिकवायच्या तर त्याहून जास्त. एवढे लोक 14 पौंड फीत ठेवता येत नव्हते. मग तेच शिक्षक दिवसभर शिकवणार, बागेत उभे राहणार, उपासना घेणार, रात्री खोलीच्या टोकाला झोपणार आणि पहाटे चारला उठणार. मुलांना सुट्टी नाही म्हणजे शिक्षकांनाही नाही, ही गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली नाही पण त्यातून निघतेच. असा शिक्षक काही महिन्यांत थकतो, मग एखाद्या तासाकडे दुर्लक्ष करतो. सुटणारा पहिला तास कुठला, तर सहा ते सातचा.

आणि वेस्ली जागेवर नसे. तो वर्षाला हजारो मैल घोड्यावरून प्रवचनं देत हिंडत होता. शाळेतली त्याची खोली बहुतेक काळ रिकामी. नियम एकाच माणसाच्या शब्दावर उभे, आणि तो माणूस अधूनमधून येणारा. निवासी शाळेत रोजचे बारीक निर्णय कुणाला तरी जागेवरच घ्यावे लागतात: ताप आलेल्या मुलाला पहाटे उठवायचं का, कडाक्याच्या थंडीत प्रार्थना उबेच्या खोलीत घ्यायची का. तो अधिकार खाली दिलेला नसेल तर माणसं एकतर नियम आंधळेपणाने पाळतात किंवा पाळायचा सोडतात.

यातलं पहिलं कसं होतं ते 1782 मधल्या अॅडम क्लार्कच्या अनुभवात दिसतं. हा पुढे बायबलचा मोठा भाष्यकार झाला. प्रचारक होण्यासाठी आयर्लंडहून आलेल्या या तरुणाला खरूज असेल या नुसत्या शंकेवरून खरजेचं मलम चोपडायला लावलं आणि एकटं, गार खोलीत ठेवलं. नवा आलेला मुलगा वेगळा ठेवणं यात चूक नाही; खरूज वसतिगृहात झपाट्याने पसरते. चूक आहे ती तपासून न घेता, शेक आणि स्वच्छ कपडे न देता ठेवण्यात. याच क्लार्कला बागेत खणताना अर्ध्या गिनीचं नाणं सापडलं. मालक सापडेना, तेव्हा त्या पैशातून त्याने हिब्रू व्याकरणाच्या एका पुस्तकाची वर्गणी भरली. शाळेत शिस्त अशी राहिलेली नाही, जो तो आपल्या मर्जीने वागतो, असंच त्याचंही मत झालं.

प्रार्थनेचे चार तास

रोजच्या सोळा तासांतले जवळजवळ चार तास प्रार्थना आणि उपासनेचे. श्रद्धेवर उभ्या असलेल्या शाळेत ते असणारच, आणि सामूहिक गायनाने घर सोडून आलेल्या मुलांना आधारही मिळत असेल. पण बंद घरात, एकाच वयाच्या मुलांत, भावना साथीसारखी फिरते. सप्टेंबर 1770 मध्ये मुलांना शेजारच्या एका मृत माणसाचं प्रेत पाहायला नेलं, मृत्यूविषयीचं स्तोत्र गायलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मुलं रडत, ओरडत प्रार्थना करत राहिली. वेस्लीला हे दैवी कार्य वाटलं. वर्षभराने तो पुन्हा मुलांत बसला तेव्हा त्यातलं काही उरलं नव्हतं, आणि पेनेलोपीचं वस्त्र आपण असं किती दिवस विणत राहायचं, असं त्याने हताशपणे लिहिलं. ग्रीक कथेतली ही राणी दिवसा विणलेलं रात्री उसवायची. मुलांना घाबरवून आणलेली भक्ती टिकत नाही. घरी जाऊन आईजवळ रडायची सोय नसलेल्या मुलांवर असा प्रयोग करणं चुकीचंच, आणि या एका बाबतीत सवलत देता येत नाही.

मग ही शाळा कुणाच्या कामाची

ज्यांना दुसरा पर्याय नव्हता त्यांच्या. मेथडिस्ट प्रचारकांची बदली एक-दोन वर्षांनी ठरलेली असे. मुलाला एका शाळेत टिकवणं अशक्य. म्हणून किंग्जवूड हळूहळू प्रचारकांच्या मुलांची शाळा झाली आणि उत्तरेकडच्या मुलांसाठी 1812 मध्ये ब्रॅडफर्डजवळ वुडहाउस ग्रोव्ह ही दुसरी शाळा निघाली. मिशनरींच्या घरांचीही हीच गरज होती. एडवर्ड जॉन थॉम्पसन हा मिशनऱ्याचा मुलगा किंग्जवूडला शिकला आणि 1910 मध्ये बंगालमधल्या बांकुड्याला वेस्लियन कॉलेजात शिकवायला आला. रवींद्रनाथ ठाकुरांशी त्याचा स्नेह जडला. त्याचा मुलगा, इतिहासकार ई. पी. थॉम्पसन, हाही किंग्जवूडचाच विद्यार्थी.

तोवर शाळा पार बदलली होती. 1851 मध्ये ती बाथ शहरातल्या लॅन्सडाउन टेकडीवर गेली. 1972 पासून तिथे मुलीही आहेत, आणि शाळा मेथडिस्टच आहे. मूळच्या इमारतीत 1852 मध्ये मेरी कार्पेंटरने गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांसाठी सुधारगृह सुरू केलं. हीच मेरी कार्पेंटर 1866 मध्ये मुंबईला आली आणि इथल्या मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करणाऱ्या संस्था हव्यात म्हणून तिने सरकारकडे पाठपुरावा केला. ब्रिस्टलला जाणाऱ्यांना वेस्लीच्या काळातलं काही पाहायचं असेल तर शहराच्या मध्यात, ब्रॉडमीडला, 1739 ची 'न्यू रूम' उभी आहे. वरच्या मजल्यावर प्रचारकांच्या राहण्याच्या खोल्या आहेत.

गुण द्यायचे तर झोपायच्या व्यवस्थेला आणि फीच्या स्पष्टपणाला पूर्ण, जेवणाला चांगले, पाठ्यपुस्तकांना उत्तम. वेळापत्रकाला कमी, जूनपुरते पास. देखरेखीला नापास, आणि घरी न पाठवण्याच्या अटीलाही नापास.

मुलासाठी निवासी शाळा बघायला गेलात तर वेळापत्रक हातात घेऊन त्यातल्या प्रत्येक तासासमोर जबाबदार माणसाचं नाव मागा. पदनाम पुरत नाही. रात्री खोलीत किंवा लगत कोण झोपतं आणि त्याची आठवड्याची सुट्टी कधी असते ते विचारा. सुट्टीच नसेल तर देखरेखही नसणार. संध्याकाळी सहा ते सात या वेळात, न कळवता, एक फेरी मारा. रात्रीच्या जेवणापासून नाश्त्यापर्यंतचे तास मोजा आणि दहाच्या पुढे जात असतील तर झोपण्यापूर्वी दूध मिळतं का ते पाहा. आजारी मुलाची खोली उघडून दाखवायला सांगा: शेकोटी किंवा पंखा, पाणी, स्वच्छ चादर, आणि आत असलेल्या मुलाला शेवटचं कोण, किती वाजता बघून गेलं.